टेफ्लॉन टेप: आट्यांना उत्तम, रिंगच्या जॉइंटला बिनकामाची

पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेली टेफ्लॉन टेपची रिळं आमच्या सोसायटीत बहुतेक माझ्याच हातून संपतात. भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक फिटर म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त होऊन धायरीत राहतो. कोणाचा नळ ठिबकला, गच्चीवरचा पाईप झिरपला की पाना घेऊन मीच जातो, आणि ते मला मनापासून आवडतं. या टेपला माझ्याकडून पूर्ण गुण आहेत, पण अर्ध्याच कामासाठी. उरलेलं अर्धं काम म्हणजे कॉम्प्रेशन जॉइंट, म्हणजे नट आवळून रिंग दाबणारा जॉइंट, आणि आज घरोघरी तिथेही सर्रास टेप गुंडाळलेली दिसते. ते मला बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वस्तूबद्दल. दुकानात साधारण दोन प्रकार मिळतात. एक पातळ, हलकी, वीस-पंचवीस रुपयांच्या आतली. दुसरी जाड, घट्ट विणीसारखी दिसणारी, दुप्पट-तिप्पट किमतीची. अर्धा इंची कामाला १२ मिलिमीटर रुंदीची पुरते. फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर दुकानातच चार बोटं लांब तुकडा काढून दोन्ही हातांनी हळू ओढा. पातळ टेप लगेच पारदर्शक होते, मधे बारीक होऊन दोऱ्यासारखी वळते आणि तुटते. चांगली टेप ताणली तरी पांढरीच राहते, आट्यावर बसली की खालच्या आट्याची धार वरून स्पष्ट दिसते आणि नख फिरवलं तर घसरत नाही. रीळ हातात घेऊनही कळतं, चांगलं रीळ त्याच आकाराचं असून जड लागतं. मी जाडच घेतो. पातळ टेप वाईट आहे असं नाही, पण अर्ध्या इंचाला तिचे आठ-दहा फेरे लागतात, जाड टेपचे चार-पाच पुरतात, आणि कमी फेऱ्यांत हात चुकायची शक्यता कमी.

ही टेप गोंद नव्हे. १९३८ साली अमेरिकेत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना गॅसच्या सिलिंडरमध्ये जी पांढरी भुकटी सापडली तेच हे द्रव्य. त्याला काही चिकटत नाही आणि तेही कशाला चिकटत नाही. आट्यांमध्ये ते दोन कामं करतं. नर आणि मादी आट्यांच्या मधे जी बारीक नागमोडी वाट उरते ती बुजवतं, आणि निसरडं असल्यामुळे नट आणखी अर्धा-पाऊण फेरा आत जाऊ देतं. पूर्वी हेच काम सूत आणि सफेदा (पांढरा लेप) करायचे. जुन्या वाड्यांतले लोखंडी पाईप उघडले तर आट्यांत सुताचे काळे धागे आजही निघतात, आणि ते जॉइंट पिढीभर टिकलेले असतात.

आता आटे कोणते, यावर सगळं अवलंबून आहे. नळाला, निपलला (दोन्ही टोकांना आटे असलेल्या छोट्या तुकड्याला), जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपच्या टोकाला असतात ते निमुळते आटे. १६ मध्ये १ असा उतार, अर्धा इंची पाईपला इंचात १४ आटे. नर आटा मादी आट्यात शिरताना पाचरीसारखा घट्ट होत जातो, आणि पाणी अडवायचं काम आट्यांनाच करावं लागतं. भारतीय मानकांत यासाठी आयएस ५५४ आहे, ‘जिथे दाब आट्यांवरच अडवायचा आहे असे आटे’ अशा अर्थाचं त्याचं शीर्षक. त्याच्याच शेजारी आयएस २६४३ आहे, आणि त्याच्या शीर्षकात उलट सांगितलंय: जिथे दाब आट्यांवर अडवायचा नाही असे आटे. दोन वेगळी मानकं करावी लागली याचं कारण हेच. दुसऱ्या प्रकारात आटे फक्त खेचायचं काम करतात, पाणी दुसरंच काहीतरी अडवतं: वॉशर, ओ-रिंग (रबराची गोल रिंग), नाहीतर धातूवर घट्ट बसलेला धातू. तिथे टेप लावून काय होणार?

पहिल्या प्रकारात टेप कशी लावायची ते थोडक्यात. आट्याचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे नट घट्ट करताना टेप उलगडत नाही, उलट आवळत जाते. पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपचं टोक पाईपच्या तोंडात लोंबकळतं आणि पाण्याबरोबर पुढे जातं. प्रत्येक फेरा ताणून. शेवटी अंगठ्याने दाबून आट्यांत बसवायची. नळ सरळ करण्यासाठी तो मागे फिरवायचा नाही. मागे फिरवला की टेप आत फाटते आणि जॉइंट थोड्या दिवसांत झिरपायला लागतो. तोंड जुळलं नाही तर खोला, जुनी टेप काढा, फेरे कमी-जास्त करून नवीन लावा. आणि मादी आटे प्लॅस्टिकचे असतील तर हात आवरा. टेप निसरडी असल्यामुळे पाना सहज फिरत राहतो आणि सॉकेट चिरते. सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिक पाईपला नळ जोडायचा तर पितळी आटे बसवलेला एल्बोच घ्यावा. या कामात टेपने मला कधीच दगा दिलेला नाही. गिझरच्या पाण्यात तर तिला काहीच होत नाही, ती २६० अंशांपर्यंत टिकते.

आता कॉम्प्रेशन जॉइंट. पितळी प्रकारात तीन वस्तू असतात: बॉडी, नट, आणि मधे पाईपवर सरकवलेली पितळेची किंवा तांब्याची रिंग. बॉडीच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो. नट आवळला की तो रिंगला त्या उतारात ढकलतो. रिंग पुढे सरकायला जागा नसते, म्हणून ती आतल्या बाजूला दबते आणि पाईपला मिठी मारते. पाणी दोन ठिकाणी अडतं, रिंग आणि पाईप यांच्यात, आणि रिंग आणि बॉडीचा उतार यांच्यात. नटाचे आटे त्या दोन्ही जागांच्या बाहेर आहेत. रिंग नीट बसली असेल तर आट्यांपर्यंत पाणी पोचतच नाही. नसेल बसली, तर आट्यांवर कितीही टेप गुंडाळा, नटाच्या पाठीला पाईप बाहेर पडायचं भोक आहेच, पाणी तिथून येणार.

आमच्या कंपनीतल्या पॉवर पॅकमध्ये, म्हणजे तेलाला दाब देणाऱ्या युनिटमध्ये, हीच रचना होती, फक्त रिंग पोलादी आणि पाईपमध्ये चावा घेणारी. दाब २०० बार. नटाच्या आट्यांवर टेप लावायला सक्त मनाई होती, कारण टेपची एक चिंधी तेलातून जाऊन व्हॉल्वच्या बारीक भोकात अडकली तर मशीन बंद. २०० बारला जी रचना टेपशिवाय धरते, ती चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या दीड बारला का धरणार नाही? धरत नसेल तर रिंगमध्ये, पाईपमध्ये किंवा कापण्यात दोष आहे. तो शोधायला हवा.

सोसायटीतलंच उदाहरण सांगतो. महापालिकेच्या पाण्याचा निळा एमडीपीई प्लॅस्टिकचा पाईप आमच्या खालच्या टाकीकडे येतो, ३२ मिलिमीटरचा. टाकीजवळ त्याला प्लॅस्टिकचा कॉम्प्रेशन अडॅप्टर आहे, एका बाजूला मोठा निळा नट, दुसऱ्या बाजूला आटे. नटापाशी कायम ओल असायची, भिंतीवर शेवाळ धरलं होतं. एका प्लंबरच्या हाताखालचा मुलगा आला. कामाला चपळ आणि शिकायची तयारी असलेला. त्याने नट सोडला, बॉडीच्या जाड आट्यांवर टेपचे भरपूर फेरे मारले आणि पाईप पान्याने नट आवळायला लागला.

“अरे, टेप कशाला तिथे?”

“काका, गळतंय ना. दोन फेरे जास्त मारले की थांबतं.”

“पाणी कुठून येतंय ते बघितलंस का? बोट लाव बघू.”

त्याने बोट फिरवलं. ओल नटाच्या पाठीमागून, पाईपच्या कडेने येत होती. पुढच्या आट्यांशी काही संबंधच नव्हता.

“मग काका, काय करायचं?”

“पाईप बाहेर काढ. टोक बघू.”

टोक बाहेर आलं आणि सगळं कळलं. पाईप करवतीने तिरका कापलेला, एका बाजूला जवळजवळ बोटभर कमी. टोकाची धार तशीच ठेवलेली, तिने ओ-रिंगवर आडवा ओरखडा काढलेला. या अडॅप्टरमध्ये नट आवळल्यावर दात असलेली, एका जागी फट ठेवलेली रिंग पाईपला पकडून ठेवते, आणि पाणी अडवते ती काळी रबरी ओ-रिंग. पाईप तिच्या पलीकडे, आतल्या अडसरापर्यंत जायला हवा. तिरक्या कापामुळे तो एका बाजूला जेमतेम रिंगपर्यंत पोचला होता. आम्ही टोक काटकोनात कापलं, बाहेरची कड कानशीने घासून गोल केली, किती आत जायला हवा तिथे पेनाने खूण केली, नवी ओ-रिंग साबणाच्या पाण्यात बुडवून बसवली आणि पाईप खुणेपर्यंत दाबला. नट नुसत्या हाताने आणि शेवटी थोडासा पान्याने. दुसऱ्या बाजूचे आटे व्हॉल्वमध्ये जाणारे, निमुळते. तिथे मात्र त्याच मुलाकडून टेप लावून घेतली, आणि त्याने ती सुरेख लावली. एकाच फिटिंगला एका टोकाला टेप हवी आणि दुसऱ्या टोकाला नको, हे दाखवायला याहून चांगली वस्तू नाही. भिंत आता कोरडी आहे.

टेप नुसती बिनकामाची असती तर मी एवढं लिहिलं नसतं. ती नुकसानही करते. नट आवळताना हाताला जो रेटा जाणवतो त्यावरूनच कळतं की रिंग बसली की नाही. टेपमुळे नट आधीच जड होतो आणि वाटतं, झालं घट्ट. रिंग मात्र अर्धवट दबलेली. नाहीतर उलटं होतं, निसरड्या आट्यांवर पाना फिरत राहतो, रिंग गरजेपेक्षा जास्त दबते आणि पाईप तिथे चिमटतो. मग तो तुकडा कापूनच टाकावा लागतो. प्लॅस्टिकच्या नटाचे आटे टेपच्या जाडीने झिजतात, चढतात. आणि चिंध्या सुटतातच. वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती काढून बघा, बऱ्याच घरांत तिथे पांढरे धागे सापडतात. मग पाणी हळू येतं आणि मशीनला दोष दिला जातो. सगळ्यात वाईट म्हणजे टेपमुळे गळती काही आठवडे मंदावते. थेंब दिसत नाही, पण ओल आत चालूच राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी असतं, क्षारांनी भरलेलं. अशा जॉइंटवर नटाच्या कडेला आधी पांढरी पापडी धरते, मग पितळ हिरवं पडतं. ती पापडी दिसली की समजावं, रिंग धरत नाहीये.

नटाच्या आट्यांना कोरडेपणा वाटत असेल तर तेलाचा एक थेंब पुरे. पितळी रिंगचा जॉइंट करताना पाईप कटरने सरळ कापलेला, बर (कापल्यावर राहिलेली खरबरीत धार) काढलेला, अडसरापर्यंत आत गेलेला हवा. नट हाताने जाईल तेवढा न्यायचा, मग बॉडी एका पान्याने धरून दुसऱ्याने साधारण एक फेरा. पाणी चालू करायचं. थेंब दिसला तर आठवा हिस्सा फेरा आणखी. तपासायला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा जॉइंटवर गुंडाळून रात्रभर ठेवतो मी, सकाळी डाग दिसतो की नाही ते बघतो.

घरातले असेच आणखी जॉइंट पटापट सांगतो. बेसिनखालचा अँगल कॉक: भिंतीत जाणाऱ्या बाजूला टेप हवी, कनेक्शन पाईपच्या बाजूला नको, तिथे रबरी वॉशर आहे. गळत असेल तर वॉशर बदला, तो पाच-दहा रुपयांना मिळतो. जीआयच्या युनियनमध्ये (मधल्या नटाने दोन पाईप जोडणारी फिटिंग) दोन टोकांना टेप, मधल्या मोठ्या नटाला नको, आत दोन घासून बसवलेली तोंडं एकमेकांवर दाबलेली असतात. वॉटर प्युरिफायरच्या बारीक नळीच्या नटांना नको. एसीच्या तांब्याच्या पाईपच्या फ्लेअर नटालाही नको, तिथे पसरवलेलं तोंडच गॅस धरतं. स्वयंपाकघरातल्या पाईप गॅसच्या जॉइंटला तर स्वतः हातच लावू नये, कंपनीचा माणूस बोलवावा.

सोलर वॉटर हीटरबद्दल मात्र वेगळं लिहायलाच हवं, कारण पुण्यात गच्चीगच्चीवर सोलर आहे आणि अनेक ठिकाणी गरम पाण्याची लाईन कंपोझिट पाईपची आहे, बाहेर-आत प्लॅस्टिक आणि मधे ॲल्युमिनियम. त्याची पितळी फिटिंग दिसायला रिंगच्या जॉइंटसारखीच, पण पाणी अडवतात त्या पाईपच्या आत शिरणाऱ्या पितळी नळकांड्यावरच्या ओ-रिंगा. वर्षानुवर्षं गरम पाण्याने त्या कडक होतात, चपट्या पडतात, आणि नट कितीही आवळला तरी थेंब थांबत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींकडे नेमकं हेच झालं होतं, आणि आधीच्या दुरुस्तीत नटाखाली टेपची जाड गादी करून ठेवलेली होती. टेप सोलून काढली, नट सोडला, ओ-रिंग काढली तर ती बोटांत दाबताच मोडली.

इथे ओ-रिंग विकत घेताना एक गोष्ट सांभाळा. दुकानात काळी रिंग मागितली की बहुतेक वेळा नायट्राइल रबराची देतात. तेलाच्या कामाला ती उत्तम, आयुष्यभर मी तीच वापरली. गरम पाण्यात ती लवकर कडक होते. गरम पाण्याला ईपीडीएम रबराची मागायची, आणि ईपीडीएमला तेल किंवा साधं ग्रीस लावायचं नाही, ती फुगते. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस चालतं. दोन्ही रिंगा दिसायला सारख्याच असतात, म्हणून नाव घेऊनच मागा. बोहरी आळीतल्या ज्या छोट्या दुकानातून मी टेप घेतो, तिथले काउंटरवरचे चाचा टेप मागितली तरी आधी विचारतात, “कशाला हवी?” रिंगच्या जॉइंटला म्हटलं की टेपच्या रिळाऐवजी खणातून रिंगांची डबी काढून समोर ठेवतात आणि जुनी रिंग सोबत आणली आहे का विचारतात. विक्री कमी झाली तरी चालेल, काम बरोबर व्हावं, असं वागणारं दुकान मला फार मोलाचं वाटतं. गर्दी असते, गाडी लावायला जागा नसते, शनिवारी संध्याकाळी जाऊ नका.

एका जागी मी टेपला थोडी सूट देतो. जुन्या पितळी जॉइंटवर पाईपला बारीक चरा पडलेला असतो, रिंग निघत नाही, रात्रीची वेळ, दुकानं बंद आणि खालच्या घरात पाणी उतरतंय. अशा वेळी नट मागे घेऊन टेपचे एक-दोन फेरे रिंगवरच, ती बॉडीच्या उतारावर टेकते तिथे मारले, तर टेप तो चरा भरून काढते आणि गळती थांबते. निदान पाणी जिथे अडायला हवं तिथेच ती बसलेली असते, आट्यांवर वाया जात नाही. पण सकाळी दुकान उघडलं की पाईपचा खराब तुकडा कापून नवी रिंग टाकायची. तीच सोय कायम ठेवून भिंतीला टाइल लावून टाकणारे लोक मी पाहिलेत. मग ती टाइल फोडायला पुन्हा कोणालातरी बोलवावं लागतं.

खरेदी करताना पातळ टेपची दहा रिळं घेण्यापेक्षा जाड टेपची दोन घ्या. एक इंच आणि त्यावरच्या पाईपला १९ मिलिमीटरची रुंद मागा, १२ ची तिथे अपुरी पडते. रिळाचं झाकण फेकू नका, टेपवर धूळ आणि लोखंडाचा भुसा बसला की आट्यांत ती नीट बसत नाही. आणि त्याच फेरीत तुमच्या अँगल कॉकच्या मापाचे चार-सहा वॉशर आणि जुन्या रिंगच्या मापाच्या दोन नव्या रिंगा घेऊन ठेवा.